चीनच्या डोंगरातली खेडी बघायचीत? मग एकच रेल्वे लाईन धरा (पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी)

चीनला जाणारे आपले बहुतेक लोक बीजिंगची भिंत, शांघायचे टॉवर आणि एखादं घाऊक मार्केट बघून परत येतात. आणि ज्यांना खेडी बघायची हौस असते ते नकाशावर युन्नान, सिचुआन, तिबेट सगळं एकदम घेऊन अर्धा देश पालथा घालायला निघतात, मग निम्मी सुट्टी एअरपोर्ट आणि बसस्टँडवरच जाते. पहिल्या खेपेला दोन्ही नको. ग्वांगझोऊ ते गुइयांग अशी एक हायस्पीड लाईन आहे, 857 किलोमीटरची, डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेली. ती धरा, मधल्या तीन-चार स्टेशनांवर उतरा आणि प्रत्येक स्टेशनच्या आसपासच्या डोंगरात निवांत रहा. या लाईनच्या आधी हा प्रवास वीसेक तासांचा होता, आता पूर्ण अंतर चार-पाच तासात होतं. भातखाचरं, लाकडी घरं, म्याओ आणि दोंग या डोंगरी जमातींची गावं, सगळं या पट्ट्यात आहे. शिवाय दिल्ली आणि कोलकात्याहून ग्वांगझोऊला थेट फ्लाईट 2025 च्या शेवटी परत सुरू झाल्यात, म्हणजे उतरायचं तिथेच आणि ट्रेन पकडायची पण तिथूनच.

आता क्रमाने सांगतो. निम्मं काम घरूनच करायचं आहे, ते केलंत की तिकडे फक्त चालायचं आणि खायचं उरतं.

1. व्हिसा, आणि कुणाचं ऐकू नये

यूट्यूबवर गोरे लोक सांगतात "चीनला आता व्हिसा लागत नाही, 240 तास फुकट". ते त्यांच्यासाठी, भारत त्या यादीत नाही. आपल्याला टुरिस्ट व्हिसा लागतो, एल टाईप. मधली काही वर्षं तो बंदच होता, आता परत द्यायला लागलेत. महाराष्ट्रातल्या लोकांना मुंबईतून करता येतो. फॉर्ममध्ये रोजचा प्लॅन, हॉटेल बुकिंग, येण्या-जाण्याचं तिकीट मागतात, तेव्हा सुरुवातीला कॅन्सल करता येतील अशी बुकिंग करून ठेवा. प्लॅनमध्ये हौसेने ल्हासा वगैरे लिहू नका, तिबेटसाठी परदेशी माणसाला वेगळं परमिट आणि एजन्सीचा गाईड लागतो, उगाच फाईल अडकेल.

2. कधी जायचं

खाचरांत पाणी भरून लावणी चालते ते साधारण एप्रिलअखेर ते जून, आणि भात पिवळा पडतो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. दोन्ही सीझन भारी. पण गुइझोऊबद्दल (गुइयांग ज्या प्रांतात आहे तो) चिनी लोकच म्हणतात की इथे सलग तीन दिवस ऊन पडत नाही आणि सलग तीन 'ली' (साधारण दीड किलोमीटर) सपाट जमीन मिळत नाही, आणि ते खरंच आहे, छत्री कायम बॅगेत ठेवा. जून-जुलैचा पाऊस हलक्यात घेऊ नका, जून 2025 मध्ये याच लाईनवरच्या रोंगज्यांग शहरात मोठा पूर आला होता, डोंगरात दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात.

1 ते 7 ऑक्टोबर, 1 मेची सुट्टी आणि चिनी नववर्ष, हे तीन टाळाच. अख्खा देश एकाच वेळी बाहेर पडतो. ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत, दीडशे युआनची खोली सहाशेला जाते आणि फोटोत खाचरं कमी आणि डोकी जास्त येतात.

3. फोन (यावर जास्त वेळ घालवा)

तिकडे पाकीट विसरलात तर चालेल, फोन बंद पडला तर तुमचं काही खरं नाही. आणि नेमकी इथेच आपल्या लोकांची पंचाईत होते, कारण व्हॉट्सॲप, गूगल, इन्स्टा, यूट्यूब तिकडच्या नेटवर चालत नाही आणि वीचॅट, बायडू मॅप, बायडूचं ट्रान्सलेटर ही तिकडची ॲप 2020 पासून भारतात बॅन आहेत. म्हणजे इकडून डाउनलोड होत नाही आणि तिकडे गेल्यावर प्लेस्टोअर उघडत नाही.

यातून मार्ग असा. एकतर रोमिंगचा पॅक किंवा परदेशी ट्रॅव्हल ई-सिम घ्या, त्याचं नेट चीनच्या बाहेरून फिरून येतं म्हणून व्हॉट्सॲप वगैरे चालू राहतं. हॉटेलच्या वायफायवर गेलात की ते परत बंद, त्यामुळे आईला फोन करायच्या वेळी वायफाय ऑफ करायचं लक्षात ठेवा. दुसरं, ई-सिम घेतलंत तरी आपलं भारतातलं सिम रोमिंग चालू करूनच न्या, नाहीतर कार्डाचा ओटीपी येणार नाही आणि तुम्ही हॉटेलच्या काउंटरवर फोन हलवत बसाल.

भाषांतरासाठी चिनी भाषा ऑफलाईन डाउनलोड करून ठेवा, गावात इंग्रजी कुणालाच येत नाही, आणि अशी अपेक्षा करायचं काही कारण पण नाही. म्हाताऱ्या लोकांना तर बरेचदा सरकारी चिनी पण धड येत नाही, ते म्याओ किंवा दोंगच बोलतात, तेव्हा ॲपमध्ये बोलून काही उपयोग नसतो, हातवारे करा नाहीतर घरातल्या शाळकरी पोराला गाठा. हॉटेल, गाव, स्टेशन या सगळ्यांची नावं चिनी अक्षरांत स्क्रीनशॉट काढून एका अल्बममध्ये ठेवा. चिनी गावाचं नाव आपण मराठी उच्चारात म्हटलं तर ड्रायव्हरला घंटा कळत नाही. गूगल मॅपवर पण विसंबू नका, तिकडे लोकेशन काहीशे मीटर सरकलेलं दिसतं. अमॅप नावाचं तिकडचं मॅप ॲप इंग्रजीत आहे, ते घ्या.

4. पैसे

यूपीआय विसरा. अलीपे (फोनवरून पैसे द्यायचं तिकडचं ॲप) घरूनच फोनवर घेता येतंय का बघा, आलं की पासपोर्ट व्हेरिफाय करा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्डचं इंटरनॅशनल चालू असलेलं कार्ड जोडा, शक्यतो दोन वेगळ्या बँकांची. 200 युआनपर्यंतच्या पेमेंटवर जादा चार्ज नाही, त्याच्यावर 3 टक्के लागतो, म्हणून मोठं बिल जमेल तिथे तोडून द्या. एक युआन म्हणजे आपले साधारण बारा-तेरा रुपये धरून चाला.

आता गावातली गोम ऐका. भाजी विकणाऱ्या आजीकडेही क्यूआर असतोच, पण तो दुकानाचा नसून तिचा पर्सनल असतो आणि परदेशी कार्डावरून तसल्या कोडला पैसे जात नाहीत. मागे रांग, आजी वैतागलेली, तुम्ही परत परत स्कॅन करताय! म्हणून 5, 10, 20 च्या नोटा जवळ ठेवाच, एकूण हजारभर युआन कॅश असू द्या. शंभरची नोट ही सगळ्यात मोठी, गावात तिची पण मोड मिळायला वेळ लागतो. (20 च्या नोटेमागे जे डोंगर आणि नदी आहे ना, तो शिंगपिंगजवळचा ली नदीचा काठ, याच लाईनवर यांगशुओ स्टेशनला उतरून बघता येतो. नोट हातात धरून फोटो काढणाऱ्यांची तिथे जत्रा असते.)

5. ट्रेनचं तिकीट

12306 हे रेल्वेचं ॲप इंग्रजीत आहे, बुकिंग 15 दिवस आधी उघडतं. पासपोर्ट व्हेरिफाय व्हायला वेळ लागतो म्हणून खातं घरूनच काढा, नाहीतर ट्रिप डॉट कॉम थोडा चार्ज लावून तेच करून देतं. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. आयडी कार्डवाल्या ऑटोमॅटिक गेटवर झटापट करत बसू नका, कडेला माणूस बसलेलं एक गेट असतं, तिकडे जा. गेट गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी बंद होतं आणि मग रडलात तरी उघडत नाही. बॅगा स्कॅन होतात, चाकू, मोठे स्प्रे काढून घेतात.

6. झोपायची जागा आणि पोलीस नोंद

हे नीट वाचा. चीनमध्ये परदेशी माणूस जिथे झोपतो तिथली नोंद पोलिसांकडे 24 तासांच्या आत व्हावी लागते. हॉटेलात ती चेक-इन करतानाच आपोआप होते. गावातल्या घरगुती गेस्टहाऊसमध्ये मात्र मालकिणीला ते कॉम्प्युटरवर कसं करायचं हेच माहीत नसतं, आणि मग ती घाबरून "परदेशी नको" म्हणून मोकळी होते. यात तुमच्याबद्दल राग वगैरे काही नसतो. उपाय सोपा, बुक करायच्या आधी चिनीत मेसेज करून विचारा की भारतीय पासपोर्टवाले चालतात का, आणि "हो" आलं की त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तरी तिथे जाऊन गाडं अडलं तर मालकाला घेऊन सरळ गावच्या पोलीस चौकीत जा, पासपोर्ट आणि व्हिसा दाखवा, बहुतेक वेळा पोलीसच नोंद करून देतात. ओळखीच्या घरी राहिलात तर ही जबाबदारी तुमची. डोंगरात तंबू ठोकायचा विचार पहिल्या खेपेला करूच नका.

घरं लाकडाची असतात, वरच्या मजल्यावर कुणी कूस बदलली तरी खाली कळतं. कानात घालायचे बोळे न्या. आणि लाकडी गाव म्हणजे आगीची भीती, त्यामुळे खोलीत डासांची कॉईल, अगरबत्ती, सिगरेट काहीही नको.

7. रूट

ग्वांगझोऊ दक्षिण स्टेशनवरून गाडी पकडून पहिला मुक्काम गुइलिन. शहरात फार वेळ घालवू नका, मोठी बॅग हॉटेलात ठेवा आणि छोटी सॅक घेऊन बसने लोंगजीच्या खाचरांकडे निघा, दोन-अडीच तास. इथे पिंगआन हे झुआंग लोकांचं गाव आणि दाझाई हे याओ लोकांचं. मुक्काम दाझाईला करा, ते जरा कमी बाजारू आहे. घरं चढावर आहेत आणि गाडी वरपर्यंत जात नाही, पाठीवर टोपली घेतलेल्या याओ बायका सामान वर नेऊन देतात, साठीच्या बायका आपल्यापेक्षा दुप्पट वेगाने चढतात, भाव आधी ठरवा आणि मग घासाघीस करू नका. दाझाई ते पिंगआन चालत चार-पाच तास, मध्ये झोंगल्यू गाव लागतं, वाट खाचरांच्या बांधावरून आणि दगडी पायऱ्यांवरून जाते. कुणी वाटेत भेटून "रस्ता बंद आहे, मी दाखवते" म्हणालं तर मॅप बघा, शांतपणे हसा आणि पुढे चला.

नंतर सानज्यांग. इथून चेंगयांगचा लाकडी पूल बघायला जायचं, 1912 ला काम सुरू होऊन 1924 ला पुरं झालेला, वर छप्पर आणि पाच मनोरे, दोंग लोकांचं सुतारकाम काय असतं ते इथे कळतं. अर्धा दिवस पुरे, राहायचं असेल तर पुलापलीकडच्या गावात रहा.

आणि मग पुढचं स्टेशन त्सोंगज्यांग, म्हणजे माझ्या मते या सगळ्या लाईनचा कळस. एक लक्षात घ्या, स्टेशनला नाव तालुक्याचं दिलंय पण तालुक्याचं गाव तिथून बरंच लांब आहे, स्टेशनला खरं जवळ आहे ते झाओशिंग, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे "त्सोंगज्यांग शहरात हॉटेल स्वस्त आहे" म्हणून बुक कराल तर फसाल.

झाओशिंगला तिकीट आहे, दुकानं आहेत, कॉफी शॉप आहेत, म्हणून काही लोक नाक मुरडतात. मी म्हणतो तीन रात्री रहा. दिवसाचे टुरिस्ट संध्याकाळी गेले की गाव परत गावकऱ्यांचं होतं. गावात पाच ढोल-मनोरे आहेत, पाच कुळांचे, प्रत्येकाला कन्फ्युशियसच्या पाच सद्गुणांपैकी एकेकाचं नाव दिलंय, आणि बांधकामात लोखंडी खिळा नाही, नुसते लाकडाचे सांधे. खाली बाकं असतात, थंडीत मधोमध शेकोटी पेटते, म्हातारे पत्ते कुटत बसलेले असतात. तुम्ही जाऊन कडेला बसलात तर कुणी उठवत नाही, फक्त आल्या आल्या कॅमेरा तोंडासमोर धरू नका.

आणि कान उघडे ठेवा. गल्लीतून ठक-ठक-ठक असा आवाज येत राहतो, तो कापड कुटण्याचा. हातमागावरचं सुती कापड निळीत बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं, असं कितीतरी दिवस, आणि मग घडी घालून दगडावर लाकडी मोगरीने तासन् तास कुटायचं, मग त्याला जांभळट तांबूस अशी चकाकी येते की लांबून चामडंच वाटावं. बायकांची नखं आणि मनगटं निळी असतात. विकत घ्यायचं असेल तर ज्या घरासमोर कुटताना दिसेल तिथे विचारा, मेन रोडवरच्या दुकानातलं बरंचसं मशीनचं असतं. घरी आणून पांढऱ्या कपड्यांबरोबर धुऊ नका, सगळं निळं होईल.

रात्री दोंग समूहगायन ऐका, वाद्य नाही, संचालक नाही, वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज एकावर एक रचलेले. 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलंय. स्टेजवरचा शो असतो, थोडा सजवलेला, तरी चुकवू नका.

सकाळी झाओशिंगहून वर तांगआनला चालत जा, खाचरांमधून दीड-दोन तासांचा चढ, येताना गाडीने या. तिथे दुकानं फारशी नाहीत, म्हातारी माणसं आणि लहान पोरं तेवढी दिसतात, कारण हातापायाने धड असलेले बरेच जण ग्वांगतोंगच्या (ग्वांगझोऊ ज्या प्रांतात आहे तो) कारखान्यांत कामाला. सणाला ते घरी येतात ते याच ट्रेनने.

वेळ उरला तर पुढे रोंगज्यांग. तिथली गावागावांची फुटबॉल लीग 2023 मध्ये देशभर गाजली, सीझन असेल तर वीकेंडला रात्री मॅच असते, तिकीट नाही, मध्यंतरात म्याओ-दोंग पोशाख घालून नाच. शेवटी गुइयांग आणि तिथून दुसऱ्या लाईनने काइली, म्याओ गावांसाठी. शीज्यांगचं हजार घरांचं म्याओ गाव मात्र मला फार जत्रेसारखं वाटतं, रात्री समोरच्या टेकडीवरून दिवे बघा आणि दुसऱ्या दिवशी लांगदेसारख्या लहान गावात निघा.

8. गावातली गाडी

तालुक्यापर्यंत बस, पुढे मिनीव्हॅन. ही व्हॅन म्हणजे अगदी आपलं वडाप, भरल्याशिवाय सुटत नाही, मांडीवर कोंबडी येऊ शकते आणि ड्रायव्हर वळणावर फोनवर बोलत असतो. शेवटची गाडी दुपारी चार-पाचलाच जाते, सकाळी उतरतानाच परतीचं विचारून ठेवा. बाजाराचा दिवस असेल तर गाड्या भरपूर, गर्दीही भरपूर. बाजार ठरावीक दिवसांनी गावं बदलत फिरतो, मालकिणीला "जवळचा बाजार कधी" एवढं विचाराच, तुमच्या प्लॅनमधला एक दिवस त्यासाठी मोकळा ठेवलात तर पैसे वसूल.

9. पोटोबा

मांसाहारी असाल तर मजा आहे, काइलीचा आंबट रस्सा आणि त्यातला मासा, शेतात वाढवलेले छोटे मासे, धुरावरचं डुकराचं मांस. तिखटाला ही माणसं आपल्याला हार जात नाहीत. एक दोंग रस्सा गुरांच्या पित्ताचा असतो, कडू, तो विचारूनच मागवा. आणि पांढऱ्या तुकड्या तुकड्यांची एक मुळी सगळ्यात घालतात, तिला कच्च्या माशासारखा वास येतो. जमली तर जमली.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये पण डोळे उघडे ठेवावे. गावच्या हॉटेलात काचेच्या फ्रिजमध्ये भाज्या मांडलेल्या असतात, सरळ किचनजवळ जाऊन बोटाने दाखवा, पालेभाजी, वांगं, बटाट्याचा कीस, टोफू, अंडं-टोमॅटो. नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही, कारण भाजी डुकराच्या चरबीत परततात किंवा वरून खिम्याचे चार कण टाकतात आणि त्यांच्या हिशोबी ती भाजीच असते. म्हणून फोनमध्ये चिनीत लिहून ठेवा: मांस नको, मासा नको, चरबी नको, चिकन पावडर नको, फक्त वनस्पती तेल. नीट सांगितलं तर करून देतात.

आणि गरम पाणी! स्टेशनवर, ट्रेनच्या डब्यात, खोलीत किटलीत, सगळीकडे फुकट. त्यामुळे गरम पाणी घालून होणारे पोहे-उपम्याची पाकिटं आणि शेंगदाणा चटणी नेलीत तर सकाळची चिंता मिटते. मांसाचे, दुधाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या मात्र नेऊ नका, कस्टममध्ये जातात.

म्याओ गावात वेशीवरच तांदळाची दारू घेऊन बायका अडवतात, शिंगातून पाजतात. हात मागे ठेवून एक घोट घ्या. शिंगाला हात लावलात की अख्खं संपवायचं असा रिवाज सांगतात आणि मग कुणी सोडत नाही. पीत नसाल तर ओठ लावून हसलं तरी चालतं.

10. उरलेलं

टॉयलेट भारतीयच असतं, पण पाणी नाही आणि कागद पण नाही, दोन्ही खिशात ठेवा. पॉवर बँकेवर चिनी 3सी मार्क (सुरक्षेचा शिक्का) नसेल तर जून 2025 पासून देशांतर्गत विमानात नेता येत नाही, ट्रेनमध्ये चालते, हे आणखी एक कारण ट्रेन धरायचं. आपला जाड तीन पिनांचा प्लग बसत नाही, ॲडॉप्टर न्या. ड्रोन घरीच ठेवा. पोलीस 110, अँब्युलन्स 120.

"कुठून आलात" हे दिवसातून दहादा विचारतात, उत्तर "यिंदू". वयस्कर माणूस असेल तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव "के दिहुआ" घेऊन बघा. 1938 मध्ये ते चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, शाळेत शिकलेल्या बऱ्याच जणांना ते नाव माहीत असतं, आणि मग चहा तरी नक्की मिळतो.

परतीला ग्वांगझोऊची फ्लाईट असेल तर आदल्या रात्रीच शहरात पोचा. दक्षिण स्टेशन एका टोकाला, बाययून एअरपोर्ट दुसऱ्या टोकाला, मेट्रोने तास-सव्वा तास सहज जातो, त्याच दिवशी डोंगरातून उतरून विमान पकडायचा हट्ट करू नका.